सखूबाईंच्या शेजारची जागा

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या मंडळीचे आदरणीय पाळकसाहेब. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे वीरप्पाअण्णा. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते व्यंकटमामा. त्यांना सोलापूरला न्यायला आलेली त्यांची लेक दीपालीताई. आणि वस्तीतल्या, गावातल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार आणि जय ख्रिस्त.

मी बोअरच्या गाडीवरचा माणूस. आमच्याकडं बोलायचं म्हणजे मशीनच्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडायचं, त्यामुळं आवाज चढला तर सांभाळून घ्या. पाळकसाहेब म्हणाले, "मामांवर चार शब्द बोल, पण फाटे फोडू नको." प्रयत्न करतो.

मागं एका डिसेंबरात आमची गाडी उमरग्याच्या अलीकडं, इथंच हायवेला बंद पडली. कॉम्प्रेसरचं सामान हैदराबादहून यायचं, ते काही येईना. मामांच्या ओट्यावर सकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे आणि मग चहा मिळायचा. मी चहासाठी गेलो. लपवायचं कशाला?

मामांचा नेम तुम्हाला ठाऊकच आहे. नव्या वर्षाला उत्पत्तीपासून सुरुवात, रोज पुढचा भाग. आवडीचा अध्याय निवडायचा नाही, अवघड गाळायचा नाही. आणि वाचून झालं की एकच सवाल : "आज ह्यातलं काय करणार?" काइनानं भावाला मारलं तो भाग आला, त्या दिवशी मामांनी मला माझ्या भावाला फोन लावायला लावला. भाऊ म्हणाला, "पैसे लागतेत का?" असो.

मग सारा मेली तो अध्याय आला. अख्खा अध्याय जमिनीच्या सौद्याचा. अब्राहाम परक्या मुलखात उपरा, बायकोला माती द्यायला हक्काची जागा नाही. तिथल्या लोकांपुढं वाकतो, जागा मागतो. ते म्हणतात, फुकट घे. हा म्हणतो, पुरा दाम घ्या आणि चारचौघांत घ्या. मी म्हणालो, "मामा, हा तर सातबाऱ्याचा मामला. ह्यात शिकायचं काय?" सखूबाई, म्हणजे आपल्या मामी, चहा गाळता गाळता हसल्या. मामा म्हणाले, "मला बी न्हाय उमगलं. उद्या फुडं वाचू."

पुढच्याच आठवड्यात सखूबाई गेल्या. छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत खेळ संपला.

ओढ्याकाठची आपली माती द्यायची जागा रस्ता रुंद करताना गेलेली. दुसरी मिळालेली नव्हती. अंगणात मयत, आणि न्यायचं कुठं हे कुणाला सांगता येईना. मी जिल्हाभर हिंडलेला माणूस, पण त्यापेक्षा वाईट दुपार पाहिलेली नाही.

मामा मयताजवळून उठले आणि अण्णांच्या दारी गेले. मी मागं. अण्णा, तुम्ही बाजेवर होता. मामा कमरेत वाकले. तुम्ही म्हणालात, "अरे व्यंकट, बांधाकडची जागा घे की. तुझ्या-माझ्यात कसला आलाय सौदा?" मोठं मन तुमचं, ते मी नाकारत नाही. पण मामा हात जोडून म्हणाले, "फुकट नको, अण्णा. फुकट दिल्याली जागा देणाराचीच ऱ्हाती. माझी म्हैस घ्या, आन चार माणसं बोलवून घ्या."

मी पेटलोच. "मामा, मिळतंय तर घ्या की!"

"गप रं. वाचलं न्हाईस व्हय?"

सखूबाईंच्या हातची दुभती म्हैस अण्णांच्या गोठ्यात गेली. ती दुसऱ्या कुणाला धार काढू देईना, तर मामाच रोज जाऊन काढून द्यायचे. कपभर दूध घरी आणलं नाही. तेव्हा मला तो अध्याय उमगला. उमगून बरं वाटलं, असं मात्र नाही.

खड्डा आम्ही गाडीवरच्या पोरांनी खणला. वर मुरूम, खाली काळा दगड, हाताची सालटी निघाली.

त्या जागेचा कागद नाही. एवढ्याशा तुकड्याची नोंद होत नाही म्हणे. चार माणसं होती, हाच कागद. त्यातली काही आता नाहीत. आणि अण्णांच्या चिरंजीवांनी, कृष्णराजदादांनी, त्या रानात प्लॉट पाडायला घेतलेत. परवा मी बघून आलो. चुन्याची रेघ सखूबाईंच्या उशाशीच आलीय.

मामांच्या किडन्या गेल्या, म्हणून ते सोलापूरला चाललेत. आपण सगळे "बरे होऊन या" म्हणतोय. आजवर इथं कोण खोटं बोललं नव्हतं, आज आपण बोललो. काल मामांनी मला एवढंच विचारलं, "तिच्या शेजारची जागा माझी हाय न्हवं?"

पाळकसाहेब, खुणावू नका, संपवतोच.

अण्णा, सगळ्यांदेखत विचारतो. म्हैस तुमच्या गोठ्यात आहे. ती जागा मामांची आहे ना? मान खाली घालू नका, अण्णा. हलवा.

हलवली. मंडळी, बघितलंत? मागच्या सतरंजीवरच्यांनी? कृष्णराजदादा, मोबाइल ठेवा, तुम्हीही बघितलंत ना?

मामा, ह्या जिल्ह्यात मी पाडलेली भोकं मला आठवत नाहीत, पण ती एक जागा आठवते. उद्या गाडी कर्नाटकात जाईल. माझा नंबर दीपालीताईकडं आहे. जिथं असंन तिथून येईन, पहार घेऊन. "आज ह्यातलं काय करणार?" ह्याला माझं एवढंच उत्तर.

मला ऐकून घेतलंत, आभारी आहे. पाहुण्यांना भर सभेत अडचणीत आणलं, वेळही जास्त खाल्ला, त्याबद्दल लहान समजून क्षमा करा. माझं बोलणं विसरलात तरी चालेल. अण्णांनी मान हलवली, ती विसरू नका.