माझं नाव टाका

प्राचार्य साहेब, कुमुद मॅडमचे यजमान दिनकरराव, सहकारी मित्रांनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरापोरींनो,

मले दोन शब्द बोला म्हणून सांगितलं. सकाळपासून तीन कागद लिहिले अन् तिन्ही फाडले. रिकाम्या हातानंच आलो. बोलता बोलता थांबलो तर सांभाळून घ्या.

कुमुद मॅडम गेल्या. उमरखेडच्या या कॉलेजात त्या वनस्पतीशास्त्र शिकवायच्या, पण पोरं त्यांना ओळखायची ते गुरुवारच्या गटकामानं. चिठ्ठ्या टाकून गट पाडायच्या. डॉक्टरचा पोरगा, ढाणकीहून एसटीनं येणारी पोरगी, वर्गात कधी तोंड न उघडणारा एखादा. चौघांनी मिळून एक काम करायचं.

आपल्या पोरांची सवय तुम्हाले ठाऊक आहे. एक जण राबते, बाकीचे म्हणतात, "भाऊ, माझंही नाव टाक." मॅडम फाइल बाजूला ठेवायच्या. ज्यानं काहीच केलं नाही त्याला विचारायच्या, "बेटा, यातलं तुझं कोणतं?" मग बोलणी कोणाले बसायची? राबणाऱ्याले. "तू याले शिकू काहून नाही देलं?"

भांडणं व्हायची, पोरी रडायच्या. मॅडम मध्ये पडत नव्हत्या. खुर्ची ओढून नुसत्या बसून राहायच्या.

आता जे सांगतो ते शोकसभेत सांगतात की नाही, मले माहीत नाही. दिनकरराव, तुम्ही ऐकलंच पाहिजे. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लिहिलं आहे, गटकार्य समिती. खाली सात नावं. पहिलं मॅडमचं, दुसरं माझं. कॉलेजची तपासणी व्हायची होती तेव्हा मीच त्यांना म्हटलं होतं, "मॅडम, माझं नाव टाका." त्या हसल्या अन् टाकलं. त्यानंतर त्या समितीत मी काय केलं? काही नाही. बाकीच्या पाच जणांनी काय केलं, ते त्यांनी आपल्या मनाले विचारावं.

दिवाळीनंतर स्टाफरूममध्ये मॅडम म्हणाल्या, "सर, चार गट तुम्ही घेता का? मले आता जिना चढवत नाही." मी म्हटलं, "मॅडम, तुमच्यासारखं कोणाले जमते?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मले वाटलं, मी त्यांची तारीफ करून राह्यलो. आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तारीफच केली. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

डॉक्टर म्हणतात, हृदयाचं दुखणं जुनं होतं. असेल. मी डॉक्टर नाही. पण चौदा गट अन् एक बाई. सात नावं अन् एक बाई. हे माझ्या डोक्यातून जात नाही हो. जेवताना जात नाही, शिकवताना जात नाही.

परवा गुरुवारी मी वर्गात गेलो. म्हटलं, आता तरी जाऊ. एक गट भांडून राह्यला होता. मी लगेच निकाल देऊन टाकला. तू हे कर, तू ते कर. दोन मिनिटांत सगळे चूप. मले वाटलं, जमलं. तेवढ्यात ढाणकीची वैशाली म्हणाली, "सर, आता हे काम तुमचं झालं. आमचं नाही राह्यलं."

मंडळी, मॅडमनं काय केलं असतं? कोणाले विचारू? सांगा ना, आता कोणाले विचारू? वीस वर्षं बाजूच्या खुर्चीवर बसून चहा प्यालो. एक गुरुवार वर जाऊन पाहिलं नाही, की ही बाई चूप बसून पोरांत काय घडवते. त्यांनी ते कुठं लिहून ठेवलं नाही. आमच्यापैकी कोणी शिकून घेतलं नाही. ते त्यांच्यासोबत गेलं, अन् आम्ही ते जाऊ दिलं.

येत्या गुरुवारी चौदाही गट पुन्हा येतील. मी जाईन. मले येत नाही, हे तुमच्यासमोर कबूल करतो.

आता दोन मिनिटं उभे राहू. त्याआधी एवढं बोलू द्या. मॅडम, तुम्ही दोनदा विचारलं होतं. मी केवढं मोठं वाक्य बोललो. एका अक्षराचं उत्तर पुरत होतं. ते आज देतो, अन् ऐकायले तुम्ही नाही.

हो, मॅडम.

उभे राहा.