दाराकडे तोंड

"हॅलो?... हो दादा, बोल... आई जेवली ना. मासा आणि भात. दोनदा जेवली, पहिलं जेवण विसरली म्हणून. बरं, ते राहू दे, तू आधी माझं ऐक..."

पिकहाने फोन खांद्याने कानाशी दाबला आणि टेबलावरची वायर उगाच पुन्हा एकदा सरळ केली. थोरला भाऊ मँचेस्टरहून फोन करायचा तो तिकडच्या सकाळी, इकडे दुपार कलताना, कामावर जाता जाता बसमधून. म्हणजे ऐकायला त्याला घाई आणि सांगायला मात्र भरपूर सवड.

"कळलं रे, त्या वृद्धाश्रमात जागा झालीय. कितीदा सांगशील?... आजच कळवायचंय, हो... अरे पण मी इथे सगळं बसवलंय! साहेबांनी परवानगी दिलीय. महिनाभर घरून काम करून दाखव म्हणाले, नीट जमलं तर कायमचं. मी दिवसभर घरात असले तर आईला कशाला कुठे पाठवायचं?... कुठे म्हणजे? याच घरात थाटलंय ऑफिस... हसू नकोस, दादा!"

हसण्यासारखं होतंच म्हणा. घर म्हणजे एक खोली. मायलेकींचे एकावर एक असे दोन पलंग, फ्रीज, देवांची फळी, आणि स्वयंपाकाच्या कोनाड्यात वळायचं झालं तर पोट आत घ्यायचं. त्यात बाईसाहेबांनी ऑफिस थाटलं होतं.

"आईचं माहजोंग खेळायचं टेबल घेतलं... तेच, हिरव्या कापडाचं. दाराआड मिटून पडलं होतं बिचारं. चौघी खेळायच्या, आता उरल्यात आई आणि फोंगमावशी. दोघींत काय खेळणार?... अगदी मापाचं आहे रे. चारी बाजूंना खेळणाऱ्यांचे ते छोटे खण नाहीत का? एकात माऊस, एकात चार्जर, एकात आईच्या गोळ्या... चौथ्यात सोंगट्या. त्या काही काढू देत नाही ती. बाबांच्या पलंगाची फळी होती ना, ती बिजागरीने भिंतीला लावली. हवी तेव्हा पाडायची, नको तेव्हा वर. नवीन म्हणून काही आणलं नाही. टेबलाच्या पायांना तुझे शाळेतले मोजे चढवलेत, सरकवलं की फरशीवर आवाज नको... अरे तुझेच! आईने जपून ठेवले होते. काम संपलं की टेबल मिटायचं, लॅपटॉप फळीवर, की खोली पुन्हा खोली. आहे की नाही डोकं?"

पलीकडून डोक्याचं कौतुक काही आलं नाही. जे आलं ते ऐकून पिकहाचा चेहरा उतरला.

"...मंगळवारचं? मावशीने सांगितलं वाटतं... नाही, लपवत नव्हते. सांगणारच होते. मीटिंग चालू होती, कानात हेडफोन, तोंड भिंतीकडे. ती गेली. जाळीचं दार सरकवलं, तेही मला ऐकू आलं नाही... घरातल्या सपाता घालून, थेट बाजारात. मासेवालीकडे बाबांसाठी मासा मागत होती... हो रे, बाबांसाठी. त्यांना जाऊन किती वर्षं झाली, आणि ही म्हणते, ते भुकेले आहेत. मावशी भेटली नसती तर... ओरडत नाहीये मी! घाबरलेय. तेवढंही कळत नाही का तुला?"

ती उठली आणि येरझाऱ्या घालायला लागली. येरझाऱ्या कसल्या, पलंगापासून फ्रीजपर्यंत आणि परत. खिडकीशी बसलेली आई तिच्याकडे नुसतं बघत होती. पिकहा पाणी प्यायला कोनाड्यात शिरली आणि आवाज खाली आणून बोलू लागली.

"आणि आता हे नवीन खूळ. टेबल फिरवते... आई, दुसरं कोण? मी जरा उठले की टेबलाचं तोंड दाराकडे करून ठेवते. वर खुर्चीसुद्धा मांडते. मी भिंतीकडे वळवायचं, तिने दाराकडे फिरवायचं, दिवसभर हाच धंदा. त्यात ते तुझे मेले मोजे, आवाजही येत नाही!... हसण्यावारी नको नेऊस. खिडकी पाठीमागे येते, उजेडाने पडद्यावर काही दिसत नाही, वायर ताणली जाते... विचारलं की. म्हणते, दाराला पाठ करून बसू नये... हो, मलाही तेच वाटलं, जुन्या लोकांची समजूत. पण इतकी?... डोकं गेलंय असं नको म्हणूस... दादा, नको ना म्हणूस... हो. मलाही वाटतं कधी कधी. म्हटलं एकदाचं. झालं समाधान?"

तिने डोळे पुसले. भावाचा आवाजही आता मऊ झाला असावा.

"हं... हं... स्वच्छ असेल रे, मी कुठे नाही म्हणते... रात्रीची नर्स असते का?... आणि खिडकी? तिला खिडकी लागते... बरं... एकटीने मलाही झेपत नाही, खोटं कशाला बोलू... ठीक आहे. कळव त्यांना. हो म्हणून कळव."

पेला हातात घेऊन ती बाहेर आली आणि तिचं टाळकंच फिरलं. टेबल फिरलेलं होतं.

"बघ! परत! एवढ्यात! आता काय करू या बाईचं, सांग!"

भिंतीकडे वळवायचंही त्राण तिच्यात नव्हतं. ती तशीच धपकन खुर्चीत बसली. समोर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या वरून सरळ दार. दारात आई उभी. मनगटाला कापडी पिशवी, पायांत घरातल्या सपाता, हात जाळीच्या कडीवर.

"दादा, थांब... आई? आई, कुठे निघालीस?"

म्हातारीने कडीवरच्या हाताकडे पाहिलं. तो आपला हात आहे हे तिला पटायला जरा वेळ लागला. मग तिने टेबलाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि शांतपणे काहीतरी म्हणाली. फोनमधून भाऊ हाका मारत होता.

"...आहे. आहे मी इथेच... निघाली होती, बाजारात. दिसली मला. समोरच दिसली... दादा, ऐक ना, ती काय म्हणाली माहितीय? म्हणाली, 'मी कधी निघते ते माझं मला कळत नाही गं. तुला तरी दिसायला नको का?'"

"...अरे तिला ठाऊक आहे! सगळं ठाऊक आहे तिला. म्हणून फिरवत होती. मी आपली उजेड आणि वायर घेऊन बसले, आणि तिने... हॅलो? दादा?... बसमध्ये रडू नकोस रे, लोक बघतील... नको, नको कळवूस त्यांना. नाही म्हणून सांग... झेपेल. नाही झेपलं तर तुला ओरडून सांगेन, मग ये विमान पकडून. आणि एवढं पुरत नाही, माहितीय मला, दाराला घंटा बांधते, मावशीला दुपारी बोलावते... टेबल? टेबल आता असंच राहणार. खिडकीला जुनी चादर टांगते, झालं. वायर तेवढी लांब लागेल, ती एक नवीन आणीन... चल, ठेवते. पुढच्या मीटिंगच्या आत आम्ही दोघी बाजारात जाऊन येतो... मासा आणायचाय... आणायचाय म्हणजे आणायचाय!... आई, थांब गं, मी पण येतेय. त्या नव्हेत, बाहेरच्या चपला घाल."