आधी डोळा, मग कल्ले

(सन १९५८. धामापुरात आबाशास्त्री वैद्यांच्या ओटीवर मालवणच्या बाजारातली मासेविक्रीण गंगू आणि तिचा नवरा सहदेव.)

आबाशास्त्री : ...म्हणून सांगतो, गंगू, वैद्याच्या चुका दोन जातींच्या. न कळल्याने घडते ती क्षम्य. कळल्यावरही झाकली जाते ते पाप. तुझ्या पापणीवरच्या गाठीला मी तीनदा रांजणवाडी म्हटले. ते माझे चुकले.

गंगू : चुकला तर चुकला, आबानू! परत लवंग उगाळून द्या. दोन म्हयने तरी बसता ती.

सहदेव : आणि परत त्याच जाग्यावर उठता! थंयचे केसय झडले. माका वाटला, चूल फुकताना जळले.

आबाशास्त्री : तेच लक्षण मी मुंबईच्या एका नेत्रतज्ज्ञांना लिहिले. काल उत्तर आले. अशी गाठ रांजणवाडी नसूही शकते. पापणीतल्या तेलाच्या ग्रंथीला क्वचित कर्करोग होतो. थोडा भाग कापून तपासल्यावाचून निश्चय होत नाही.

गंगू : कापतले? बांगड्याचो डोळो गढूळ दिसलो तर गिऱ्हाईक हात लावणा नाय. माझ्याच डोळ्याक पट्टी बघून माझी मासळी कोण घेतलो?

सहदेव : तुझ्या तोंडाक भिवान घेतले गो!

आबाशास्त्री : जरा पुढे सर. कानापुढे चाचपून पाहतो.

गंगू : ह्यां काय, आबानू? माका बांगडो समाजलात? आधी डोळो, मगे कल्ले!

आबाशास्त्री : अगदी तसेच! तू मासा घेताना डोळा पाहून थांबतेस का?

गंगू : छ्या! पाणी मारला की शिळ्या माशाचो डोळोय चकाकता. कल्ले खोटा बोलनत नाय.

आबाशास्त्री : हा रोग पसरू लागला, तर पुष्कळदा आधी कानापुढच्या गाठीत उतरतो.

गंगू : ...मगे? माझे कल्ले कसे आसत?

आबाशास्त्री : बोटांना काही लागत नाही. पण तीनदा चुकलेल्या वैद्याची ही बोटे. त्यांच्यावर विसंबू नकोस. रोग पापणीतच असेतो कापला, तर बरे होण्याची आशा मोठी.

सहदेव : सोमवारची मुंबैची आगबोट गावता. मी तुझ्या वांगडा येतंय.

गंगू : तुमी? मुंबैत तुमी हरवलात तर डोळ्याक पट्टी बांधून खंय सोधू?

सहदेव : माझो शर्ट धरून चल.

गंगू : बरा. पाटी यशोदा जाव सांभाळतली. पण आबानू, तुमची चूक बाजारात सांगू?

आबाशास्त्री : अवश्य. फिरून उठणाऱ्या गाठीला लवंग लावत बसू नका, डॉक्टरला दाखवा, असे माझे नाव घेऊन सांग.

गंगू : नाव कित्याक? बरी होवन इलंय की डोळोच दाखयतलंय. पाया पडतंय, आबानू.

आबाशास्त्री : भगवती तुझा डोळा राखो, शस्त्र धरणारा हात स्थिर राखो; आणि मुंबईत सहदेवाचा शर्ट तुझ्या मुठीतून न सुटो.