दारावरची चिठ्ठी

चष्मेवाली : सर, तुमच्या चष्म्याचा स्क्रू पडलेला नाही. कुणीतरी काढलाय.

सर : ते कळतं तुला?

चष्मेवाली : आपोआप पडतो तेव्हा आटे झिजलेले असतात. हे नवेकोरे आहेत. शिवाय काडी तुम्ही रुमालात नीट गुंडाळून आणलीत. चष्मा मोडलेली माणसं तो तसाच हातात धरून धावत येतात.

सर : स्क्रू माझ्या खिशात आहे. हा घे.

चष्मेवाली : चाकूच्या टोकानं काढलात ना? खाचेवर ओरखडा आलाय.

सर : हो. आज सकाळी. म्हटलं, तुझ्यासमोर नुसतं कसं जायचं? काहीतरी निमित्त हवं.

चष्मेवाली : दुकान आहे सर, निमित्त कसलं लागतंय. बसा त्या खुर्चीवर. मालक जेवायला गेलेत, तासभर तरी येत नाहीत. विद्यापीठातून दोन बस बदलून आलात, म्हणजे स्क्रूपेक्षा मोठं काहीतरी असणार.

सर : मला वाटलं, तू ओळखणारही नाहीस.

चष्मेवाली : तीन वर्षं इंग्रजी साहित्य शिकवलंत, न ओळखायला काय झालं? माझं नाव मात्र तुम्हाला कधी येत नव्हतं. ‘मागचा बाक, तुम्ही सांगा,’ म्हणायचात.

सर : आता येतं. नाव शोधायलाच विभागाच्या कार्यालयात गेलो होतो. तू या दुकानात असतेस, हेही तिथेच कळलं. या महिनाअखेर मी रिटायर होतोय. खोली आवरायला काढली, तर टेबलाच्या खालच्या खणात हे निघालं.

चष्मेवाली : काय आहे ते?

सर : वाच.

चष्मेवाली : माझ्या हातात चिमटा आहे. तुम्हीच वाचा.

सर : ‘मौखिक परीक्षा. मंगळवार, चौदा तारीख, सकाळी अकरा.’ खाली माझी सही.

चष्मेवाली : परत वाचा.

सर : ‘मंगळवार, चौदा तारीख, सकाळी...’

चष्मेवाली : मंगळवार आहे? नक्की?

सर : नक्की.

चष्मेवाली : ही माझी चिठ्ठी आहे, सर. मी तुमच्या दारावर टाचणीनं लावली होती. तुमचीच पद्धत ना? तारीख तुम्ही लिहून द्यायची, आम्ही त्या दिवशी दारावर लावायची, म्हणजे आत परीक्षा चाललीय हे बाकीच्यांना कळेल. मी ती लावली आणि अकरा ते दोन समोरच्या बाकड्यावर बसले. दोनला पाणी प्यायला गेले, परत आले तर चिठ्ठी नाही. वाटलं, वाऱ्यानं उडाली. दुसऱ्या दिवशी यादीत माझ्यापुढे ‘गैरहजर’. तुमच्याकडे धावत आले, तर तुम्ही काय म्हणालात, आठवतं?

सर : आठवतं.

चष्मेवाली : म्हणून दाखवा.

सर : कशाला गं...

चष्मेवाली : म्हणा ना.

सर : ‘परीक्षा सोमवारी होती. इंग्रजीची पदवी घ्यायला निघालात, आधी तारीख वाचायला शिका.’

चष्मेवाली : आणि मला ते पटलं, सर! वाद घालायचंसुद्धा सुचलं नाही. तुम्ही म्हणताय म्हणजे सोमवारच असणार, मीच घाईत वाचलं असणार. सगळे पेपर झाले होते. दुसरी भाषा दोन सत्रं झाली होती. चाळीस पानांचा प्रबंध दिला होता. त्या प्रबंधावर अर्धा तास इंग्रजीत बोलायचं, एवढीच अट राहिली होती. आणि मी बावळट तारीख चुकले.

सर : नंतर अर्ज करता आला असता पुन्हा.

चष्मेवाली : त्यावर तुमची सही लागायची. कुठल्या तोंडानं येणार होते? हे पाकीट बघा. चष्मा कधी मिळेल ते गिऱ्हाइकाला लिहून द्यायचं असतं. मी आकड्यात लिहिते, अक्षरात लिहिते, वार लिहिते आणि वर त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेते. मालक हसतात. म्हणतात, चष्मा द्यायचाय, जमिनीचा करार नाही.

सर : चूक तुझी नव्हती. म्हणून तर आलो. हे पत्र आणलंय, विभागप्रमुखांच्या नावानं. राहिलेली अट चार वर्षांच्या आत पूर्ण करता येते आणि तुझी चार वर्षं याच महिन्यात भरतात. पत्र दिलं की गुरुवारी परीक्षा घ्यायची, असं त्यांच्याशी बोलून ठेवलंय.

चष्मेवाली : बघू. ‘त्या दिवशी माझ्या विस्मरणामुळे सदर परीक्षा होऊ शकली नाही...’ विस्मरण.

सर : विसरलो होतो. कामाचा रगाडा होता त्या दिवसांत.

चष्मेवाली : सर, मग चिठ्ठी दारावरून कुणी काढली?

सर : हं?

चष्मेवाली : मी पाण्याला गेले पाच मिनिटं. तेवढ्यात येऊन चिठ्ठी काढायची, तर माणूस जवळपासच पाहिजे. आणि ती निघाली तुमच्या खणात.

सर : चष्मा झाला का?

चष्मेवाली : नाही झाला. कुठे होतात तुम्ही?

सर : शेजारच्या खोलीत. झेरॉक्सचं मशीन असायचं तिथे.

चष्मेवाली : तीन तास?

सर : तीन तास. दाराच्या फटीतून तुझे पाय दिसत होते. एका चपलेचा पट्टा पिनेनं जोडलेला होता.

चष्मेवाली : पण का, सर?

सर : मी तुझा प्रबंध वाचला नव्हता. एक पानसुद्धा नाही. आज वाचू, उद्या वाचू म्हणत चौदा तारीख उजाडली. अर्धा तास विचारणार काय होतो तुला? वाटलं, कंटाळून जाशील, मग दुसरी तारीख देऊ. तू उठेचनास. जितका वेळ गेला तितकं बाहेर येणं अवघड होत गेलं. मग यादी मागायला कारकून आला. ‘गैरहजर’ लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तू समोर उभी राहिलीस, तर बोललो ते तसं बोललो. लाज वाटत होती ना, म्हणून तर आवाज चढला. चार वर्षं तो खण मी उघडला नाही.

चष्मेवाली : विषय तरी ठाऊक होता माझा?

सर : पहिल्या पानावर होता तेवढा. ‘कादंबऱ्यांतली न पोचलेली पत्रं.’

चष्मेवाली : बरं झालं.

सर : काय बरं झालं?

चष्मेवाली : निदान विषय तरी पोचला तुमच्यापर्यंत. आता माझी लबाडी ऐका. मी पास झाले असं घरी सांगितलंय. मैत्रिणीचा पदवीचा झगा घालून फोटो काढला. तो आईच्या शिलाई मशीनच्या वर टांगलाय. मला दुसरी नोकरी का नाही, असं कुणी विचारलं तर आई सांगते, पोरीला डोळ्यांच्या कामाची आवड आहे. गुरुवारी मी परीक्षा दिली, यादीत नाव लागलं, तर घरी काय सांगू? दुसऱ्यांदा पदवीधर झाले?

(काचेचं दार ढकलून आई आत येते. हातात जेवणाचा डबा.)

आई : ठमे, डबा ओट्यावरच ठेवून आलीस. डोकं तेवढं आणलंयस ना बरोबर? अगबाई, गिऱ्हाईक आहे होय. बसा बसा, मी आपली कडेला उभी राहते.

चष्मेवाली : आई, हे सर. विद्यापीठातले.

आई : इंग्रजीचे? अहो, उठताय कशाला! तुमच्यामुळे माझी पोर पदवीधर झाली. माहेरी-सासरी मिळून पहिली! मी शिवणकाम करते ना, येईल त्या बाईचं माप घेता घेता फोटो दाखवते. बाई हलली तरी चालतंय, पण फोटो बघितल्याशिवाय सोडत नाही.

सर : ताई, मी...

आई : आणि ही कोटाची बाही उसवलीय की तुमची. काढा बरं कोट. सुई-दोरा असतोच माझ्या पिशवीत.

सर : नको, खरंच नको.

आई : संकोच कसला? तुम्ही एवढं केलंत पोरीचं.

सर : ताई, कृपा करून...

चष्मेवाली : थांबा सर, मी सांगते. आई, मी पास झालेले नाही.

आई : कशात?

चष्मेवाली : पदवीतच. एक तोंडी परीक्षा राहिली. तेव्हाच.

आई : मग फोटो?

चष्मेवाली : झगा मैत्रिणीचा होता.

आई : तरीच. बाही चार बोटं लांब होती. मी म्हटलं, एवढी पोरं असतात, मापाचं कोण बघत बसतंय तिथे... चार वर्षं त्या फोटोखाली मशीन चालवलं, ठमे. परक्या बायांना दाखवला.

चष्मेवाली : माहितेय.

आई : मला सांगायची लाज वाटली तुला?

चष्मेवाली : तुझी नाही गं. माझी वाटत होती. इंग्रजी शिकायला पाठवलेली पोर साधी तारीख वाचायला चुकली, हे कसं सांगू?

सर : ती चुकली नव्हती, ताई. ती बरोबर दिवशी, बरोबर वेळेला आली होती. मी तिचा प्रबंध वाचला नव्हता, म्हणून शेजारच्या खोलीत लपून बसलो. आणि चूक तिच्यावर ढकलली.

आई : लपून? एवढा मोठा माणूस?

सर : हो.

आई : पोर बाहेर बसलेली असताना?

सर : हो, ताई.

आई : कोट द्या इकडे.

सर : आता आणखी लाजवू नका मला.

आई : लाज तुमची तुम्ही बघा. उसवलेलं मला बघवत नाही. द्या.

चष्मेवाली : सर, हे पत्र नव्यानं लिहा. हा कागद, हे पेन. ‘विस्मरण’ नको.

सर : मग काय लिहू?

चष्मेवाली : झालं ते.

सर : सत्तावीसला माझा निरोपसमारंभ आहे. तीस वर्षांतले विद्यार्थी येतील. त्याच्या आधीच हे सगळ्या विभागाला कळणार.

चष्मेवाली : कळेल. मला वाईट वाटेल तुमच्यासाठी, खोटं कशाला बोलू. पण मी गैरहजर नव्हते, सर. ते कुठेतरी लिहिलेलं पाहिजे मला.

आई : लिहा. तोवर माझे टाके होतात.

सर : ...झालं.

चष्मेवाली : थांबा, चष्मा घाला आधी. कानावर टोचतोय का? नाही ना? आता मोठ्यानं वाचा. मी सगळ्यांकडून वाचून घेते.

सर : ‘मंगळवार, चौदा तारखेला सदर विद्यार्थिनी सकाळी अकरापासून दोनपर्यंत माझ्या दारासमोर हजर होती. तिचा प्रबंध मी वाचलेला नव्हता. त्यामुळे मी लपून राहिलो, दारावरची चिठ्ठी काढून घेतली आणि तिची नोंद गैरहजर अशी केली. ती नोंद खोटी आहे.’

चष्मेवाली : सही?

सर : केलीय.

चष्मेवाली : आता वाचलात का, प्रबंध?

सर : या आठवड्यात, दोनदा. तेविसाव्या पानावर एक शंका आहे माझी. तू तिथे असं का...

चष्मेवाली : इथे नका विचारू. गुरुवारी विचारा.

सर : बरं. चिठ्ठी लिहून देतो. ‘मौखिक परीक्षा. गुरुवार, बावीस तारीख, सकाळी अकरा.’ वाचून बघ.

चष्मेवाली : गुरुवार, बावीस. अकरा. बरोबर आहे.

आई : हा घ्या कोट. ठमे, गुरुवारी मी पण येणार.

चष्मेवाली : तू कशाला? सगळं इंग्रजीत असतं, आई. तुला काय कळणार आतलं?

आई : आतलं तुमचं तुम्ही बघा. मी बाकड्यावर बसून दोन्ही दारं बघते.