तिसरा प्रश्न पुढच्या गुरुवारी

...आणि वर मलाच विचारतात, "असं तुला वाटलंच कसं?" वाटलंच कसं म्हणजे? शिकवलं तसं वाटलं! वही आणून, तारीख टाकून, डावीकडे समास सोडून शिकले होते मी! आता ह्यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

नाही, थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हीही ह्यांचीच बाजू घ्याल. ह्यांची बाजू घेणं फार सोपं असतं, कारण हे बोलतच नाहीत. आमचे हे लिफ्टवाले, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे, आणि बोलणंसुद्धा लिफ्टमधल्या पाटीसारखं. सहा माणसं, अमुक किलो, संपलं. जेवताना "मीठ". निघताना "येतो". आणि मी? माझं सगळं बोलणं देवाशी. माझा स्वभावच तसा हो, कुणाला शिंक आली तरी मी एक वेळचं जेवण सोडते. मुलीचं बाळंतपण, चार सोमवार. मुलाची नोकरी, नऊ गुरुवार. समोरच्या आजींचा खोकला, त्यांना मी अजून सांगितलेलंही नाही, पण तीन शनिवार त्यांच्यावर गेलेत माझे. आणि गुण येतो बरं का! आजी परवा चक्क ओरडल्या कुणावर तरी, खणखणीत.

तर मुलगी फोनवर म्हणाली, "आई, उपास सोडून दुसरं काहीतरी धर." म्हणून मी कविता धरली. वाचनालयाच्या वरच्या खोलीत, गुरुवारी दुपारी, 'ओळखीच्या कविता नव्याने' असा वर्ग. पंखा एक, खुर्च्या अकरा, आणि समोर सर. निवृत्त मास्तर, सडपातळ, आवाज असा की विहिरीतून कुणी हाक मारावी. त्यांना सगळे 'म्हणजेच सर' म्हणतात, कारण ते कशालाच आहे तसं राहू देत नाहीत. ती पतंगाची कविता, आपण सगळ्यांनी शाळेत हात हलवून हलवून म्हटलेली, आठवते? मला वाटायचं पतंग उडाला, मजा आली. सर खिडकी लावून घेतात, चष्मा काढतात, आणि... "पतंग, म्हणजेच, प्राण. मांजा, म्हणजेच, आयुष्य. आणि पोरं ओरडतात, काटलाऽऽ... कोण ओरडतंय, ताई? कोण?" मी म्हटलं, "पोरं." तर नुसते हसले. असे हसले की मी वहीतलं 'पोरं' खोडूनच टाकलं! पुढच्या गुरुवारी होडी. होडी म्हणजेच मरण. त्याच्या पुढच्या गुरुवारी खिडकीत येणारं पाखरू. मी म्हटलं पाखरू तरी वाचेल. कसलं वाचतंय! पाखराने चोच उघडायच्या आत सरांनी त्याला पैलतीरी पोचवलं. शेजारची शिवणकाम करणारी ताई माझ्या कानात म्हणाली, "हे माझ्या दुकानात आले तर ब्लाउजचं काजसुद्धा म्हणजेच अनंत निघायचा." मला हसू आलं नाही. मला सरांचं पटत चाललं होतं हो!

कवितेला तीन प्रश्न विचारायचे, म्हणाले सर. पहिला, प्रतिमा कोणती? दुसरा, आशय काय? आणि तिसरा... तेवढ्यात वाचनालयाचा शिपाई किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा. सर म्हणाले, "तिसरा प्रश्न पुढच्या गुरुवारी." लिहून घेतलं मी. तिसरा प्रश्न, टिंब टिंब टिंब, पुढच्या गुरुवारी. आता ह्यात माझं काय चुकलं?

शुक्रवारी ह्यांचा कामाचा शर्ट धुवायला घेतला. खिशात हात घातला, तर लिफ्ट तपासणीचा घडी घातलेला कागद, ग्रीसचा अंगठा उठलेला. मागे ह्यांचं अक्षर. चार ओळी. एकाखाली एक. तुम्हाला सांगते, एकोणतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला एकाखाली एक काही लिहिलं असेल तर ती वाणसामानाची यादी! आणि इथे...

थोडं थोडं वजन मी रोज काढून ठेवेन,
एक दिवस दोराला कळणारही नाही.
दार उघडेल, आत दिवा असेल,
आणि मजला विचारेल, कोण होतं?

बालदीतलं पाणी वाहत होतं, मला भान नाही. पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, वा, जमलंय की! पण आता मी शिकलेली! प्रतिमा कोणती? दोर. दोर म्हणजेच आयुष्य. दिवा? म्हणजेच प्राण. दार? दार कशाचं ते काय सांगायला हवं? आशय काय? आशय हा की हा माणूस चालला! कुठे चालला, कसा चालला, मला सोडून दुसरीकडे राहायला चालला की छातीत काही दुखतंय आणि बोलत नाही... एवढंच ठरायचं बाकी. बोलणारा माणूस असता तर विचारलं असतं. पण पाटीला कुणी विचारतं का, की बाई, तुझ्या मनात काय आहे?

आणि मग एकेक गोष्ट दिसायला लागली. त्याच संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. "तांदूळ किती वेळा धुवायचे?" मी म्हटलं, "का हो?" "असंच." शनिवारी, "दूध उतू जाण्याआधी आवाज येतो का?" रविवारी तर डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले! साखर. मीठ. डाळ, पिवळी. मी हातात झारा घेऊन बघतेय. ज्या माणसाला एकोणतीस वर्षांत चमचे कुठल्या खणात हे ठाऊक नाही, तो तांदूळ धुवायला का शिकतो? एकट्याने राहायचं असतं म्हणून! आणि जेवताना बघायचे माझ्याकडे. माझ्या ताटाकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग परत ताटाकडे. निरोप घेताना माणूस बघतो ना, घर नीट लक्षात राहावं म्हणून, अगदी तसं. दाराचा खटका वाजला तरी मी दचकायची. वर लिफ्टची घरघर सुरू झाली की हात थांबायचे माझे, ती आमच्या मजल्यावर थांबेपर्यंत श्वाससुद्धा घ्यायचे नाही.

शिवणकामवाल्या ताईकडे गेले. ती म्हणाली, "अहो, सरळ विचारा ना त्यांना! नवराच आहे, जाहीर सभा नाही." मी म्हटलं, "अगं, सरळ विचारायला ती काय यादी आहे? कविता आहे!" ती म्हणाली, "मग हातशिलाई उसवते तशी एका टोकापासून उसवा." मला शिवणातलं काही कळत नाही. मी सरांच्या घरी गेले.

सांगितलं, मैत्रिणीच्या यजमानांची कविता आहे म्हणून. सरांनी कागद घेतला, खिडकी लावली. स्वतःच्या घरातसुद्धा लावतात! चष्मा काढला. दोनदा वाचली. आणि म्हणाले, "वाऽऽ." एवढं खूश मी त्यांना पाखराच्या वेळीही पाहिलं नव्हतं. "वजन काढून ठेवणं, म्हणजेच, एकेक पाश सोडणं. ताई, कवी निघण्याच्या तयारीत आहे. फार दिवस नाहीत. तुमच्या मैत्रिणीला म्हणावं, पुढची लिहिली तर घेऊन या!" मी म्हटलं, "सर, काही उपाय?" "कवितेला उपाय नसतो, ताई. आस्वाद असतो."

आस्वाद! तुम्हाला सांगते, जिना उतरताना पायाखाली पायऱ्या होत्या की नव्हत्या आठवत नाही. घरी आले, देवापुढे बसले आणि म्हटलं, ह्या कवितेत जो कोणी बोलतोय, त्याच्यावरचं संकट टळेपर्यंत मी जेवणार नाही. पाणी आणि कपभर दूध, बस्स. ह्यांचं नाव घेतलं नाही, का, तर नाव घेतलं की ते यमालाही ऐकू जातं अशी एक भीती असते हो मनात. सोमवार गेला. मंगळवारी दूधही सोडलं, म्हटलं संकट मोठं आहे, नवसही मोठा पाहिजे. ह्यांच्यासमोर ताट वाढून घ्यायचे आणि नुसता हात फिरवत बसायचे. आणि गंमत बघा, मी जितकं सोडायचे तितके हे जास्त गप्प! जितके हे गप्प, तितकं मी आणखी सोडायचे! बुधवारी ह्यांच्या खिशात दुसरा कागद. त्यावर एकच ओळ, आणि तीही खोडलेली. खोडलेली ओळ म्हणजेच काय, हे विचारायला सरांकडे जायची ताकदही नव्हती माझ्यात.

गुरुवार उजाडला. वर्गाचा दिवस, तिसऱ्या प्रश्नाचा दिवस! म्हटलं गेलंच पाहिजे, वेणी घातली, वही घेतली. हे कामावर गेलेच नव्हते. स्वयंपाकघरात, बाह्या वर करून, तांदूळ धूत होते. सहाव्यांदा. मी दारात उभी राहिले, तो पाठमोरा माणूस बघितला, आणि घेरी आली. डबे फिरले, साखर मिठाच्या जागी गेली, आणि पुढचं आठवतं ते एवढंच की मी खाली पडले नाही. कुणीतरी धरलं होतं. ओल्या हातांनी.

डॉक्टरीणबाई आल्या, सुई टोचली, नाडी मोजली, पुन्हा मोजली. मग ह्यांना म्हणाल्या, "अजून चार दिवस असेच गेले असते तर मला बोलावून उपयोग नव्हता." आणि गेल्या. खोलीत आम्ही दोघंच. आणि मग मी फुटले हो! म्हटलं, "जायचं तर जा, पण असं चोरून लिहून जाऊ नका! दोर काय, दिवा काय, थोडं थोडं वजन काय... कुठे दुखतंय ते तरी सांगा!"

ह्यांनी हात शर्टाला पुसले. मग पहिल्यांदा, लग्नानंतर पहिल्यांदा, सलग चार वाक्यं बोलले. "अगं, ते मी नाही बोलत. ते तू बोलतेयस. आधी मुलीसाठी, मग मुलासाठी, मग त्या आजींसाठी, तुझी बांगडी कोपरापर्यंत जायला लागली, तेव्हा लिहिलं. तुला सांगायला गेलो असतो तर तू माझ्यासाठीही एक वार धरला असतास."

आणि तेवढ्यात फोन वाजला. शिवणकामवाली ताई, वर्गातून, हळू आवाजात. "आला नाहीत म्हणून सांगते, तिसरा प्रश्न लिहून घ्या, 'बोलतंय कोण?' सर म्हणतात, कवितेतला 'मी' म्हणजे कवी समजू नये, फार जणांची तिथेच फसगत होते." फार जणांची! आठवडाभर आधी सांगायला काय झालं होतं त्या शिपायाच्या किल्ल्यांना? आता ह्यात माझं काय चुकलं?

आधी मला इतकं हलकं वाटलं, की बाबा, हे कुठे जात नाहीत, ह्यांना काही झालेलं नाही. घोटभर पाणी प्यायले. आणि तो घोट खाली उतरेपर्यंत उजेड पडला... कवितेतला माणूस चाललाय, हे तर सरांनी खिडकी लावून सांगितलेलं! आणि तो माणूस मी! तांदूळ धुवायला हे शिकत होते ते माझ्या मागे एकट्याने जेवता यावं म्हणून! मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी मान खाली घातली. डब्यांवरच्या चिठ्ठ्या आठवल्या, त्याही त्याचसाठी!

"कुणी कुठे जात नाही," म्हणाले, "जेव." ताट पुढे आलं. आणि मला नवस आठवला! कवितेतल्या माणसाचं संकट टळेपर्यंत जेवायचं नाही. कवितेतला माणूस मी. संकट काय, तर मी जेवत नाही हे. म्हणजे जेवले तर नवस मोडतो, नाही जेवले तर मी मोडते! देवाकडे बघितलं. देव गप्प. तोही लिफ्टवालाच. म्हटलं, तू काही माझ्या मरणाचा आस्वाद घेणारा नाहीस, हे मला ठाऊक आहे. आणि घास घेतला.

तुम्हाला सांगते... सहा वेळा धुतलेला तो भात, आत कच्चा, बाहेर लगदा, आणि मीठ डब्यावरची चिठ्ठी वाचून दोनदा घातलेलं. ह्याला जेवण म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तेव्हा नवस काही मोडला नाही. आणि हे म्हणतात, आता रोज मीच रांधणार... म्हणजे माझा नवस आता जन्मभर मोडायचा नाही!