नऊ किलोमीटर

महाल भागातल्या मिस्त्रीकडे मी स्कूटर घ्यायला थांबलो होतो. रुपराव आणि त्यांचे एक शेजारी घामाघूम होऊन नवी फटफटी ढकलत आले.

मिस्त्रीनं सायलेन्सरात बोट फिरवलं. "रुपरावजी, मीटरवर नऊच किलोमीटर, अन् सायलेन्सरात एवढा कार्बन?"

"रोज सकाळी अर्धा घंटा चालू ठेवतो ना अंगणात."

"जाता कुठं?"

"कुठंच नाही. मले चालवता कुठं येते?"

"मंग चालू काहून करता?"

"सासऱ्यानं देली हाय. मोहल्ल्याले मालूम नको पडाले?"

"उभ्या गाडीत तेल पुरतं जळत नाही, इंजिन खराब होते."

"बनते ना?"

"दोन दिवसांत बनते."

शेजारी मिस्त्रीच्या कानाशी वाकले.

"माझी खिडकी रुपरावच्याच अंगणात उघडते. आठ दिवस लाव ना गा."