नंदूदादाच्या तयारीची बैठक

ज्याच्यासाठी बैठक, त्यालाच बाहेर बसवायची पद्धत ज्याने काढली, त्याला एकदा आमच्या किनाऱ्यावर आणायला हवं.

मानसिक आजारातून सावरलेल्या नंदूदादाला पुन्हा रापणीचं जाळं ओढायला जायचं होतं. मी त्याची पुनर्वसन समन्वयक. तो त्यासाठी तयार आहे का, हे ठरवायला आमचे साहेब त्याच्याच घरात बसले आणि त्याला बाहेर अंगणात, खळ्यात पाठवलं. दोन तास झाले.

"घाई नको. आधी त्याचा आत्मविश्वास तपासू," साहेब म्हणाले.

"त्यालाच विचारूया ना, सर!" म्हणत मी बाहेर आले. खळं रिकामं!

शेजारच्या शेवंतीकाकी टोपली घेऊन येत होत्या.

"काकी, नंदूदादा खंय?"

"तो मगाशीच रापणीर गेलो. हे तेच्या वाट्याचे बांगडे. तुमचा अजून ठरूक नाय?"